सुरमा, शिसे आणि बाळाचे डोळे

ऑरगॅनिक झबले, लाकडी खुळखुळा, 'टॉक्सिन-फ्री' तेल! बाळासाठी सुरक्षित वस्तू म्हणजे महाग वस्तू, असा समज बाजाराने रुजवला आहे. पण आपल्या मोहल्ल्यात विष येते ते दादी-नानीच्या मायेने, सुरम्याच्या छोट्याशा कुपीतून.

काळ्या दगडाचा सुरमा म्हणजे बहुतेकदा गॅलेना, अर्थात शिशाचे सल्फाइड. शुद्ध गॅलेनात वजनाने सुमारे ८६ टक्के शिसे असते. घरगुती रंगांत मात्र २०१७ पासून शिशाची मर्यादा ९० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ९० भाग. भिंतीला जे चालत नाही, ते बाळाच्या डोळ्यांना कसे चालते? बाळ डोळे चोळते आणि तीच बोटे तोंडात घालते. शिसे मेंदूच्या वाढीवर घाला घालते.

'सुन्नत आहे' असे म्हणणाऱ्यांना एकच प्रश्न: हदीसमध्ये 'इस्मिद'चा उल्लेख आहे, पण आजच्या कुपीत काय भरले आहे हे कोणी तपासले?

सौंदर्यप्रसाधनांत रंगासाठी शिशाची संयुगे वापरायला कायद्याने मनाई आहे. अन्न व औषध प्रशासनाने अत्तर-टोपीच्या दुकानांतले सुरम्याचे नमुने तपासावेत, आणि ही मागणी आपणच लावून धरावी. बाळाच्या डोळ्यांना सुरमा नको, काजळही नको. नुसते डोळे पुरेसे सुंदर आहेत.