कप्प म्हणजे बेडूक

आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो आणि विहारात संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन लागते. त्याच सुमारास सांदवाडीत बेडकांचेही लागते. राजुऱ्यात पहिला जोराचा पाऊस होऊन गेला की नालीत, विटांच्या ढिगात, न्हाणीच्या मोरीत, जिकडे पाहावे तिकडे बेडूक. आत मुले त्रिसरण-पंचशील म्हणतात, बाहेर बेडूक ओरडतात, आणि ग्रंथ वाचणाऱ्याला दोघांच्या वर आवाज काढावा लागतो.

आमच्या मायबहिणींचा यावर ठरलेला उपाय म्हणजे मूठभर मीठ. मोरीतल्या बेडकावर टाकले की तो तडफडत निघून जातो. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, कातडीने शोषतो. श्वाससुद्धा बराचसा ओल्या कातडीतून घेतो. त्या कातडीवर मीठ म्हणजे आपल्या उघड्या जखमेवर मीठ. सुपलीत घ्यावा, बाहेर सोडावा, हात साबणाने धुवावेत, एवढेच काम आहे. खरबरीत पाठीचा जो भेक असतो, त्याच्या डोळ्यांमागच्या गाठींतून विषारी चीक निघतो, म्हणून हात धुवायचे. त्याला शिवल्याने चामखीळ होते ही मात्र थाप आहे. चामखीळ विषाणूमुळे होते. पाऊस लांबला की बेडूक काठीला बांधून धोंडी मागत फिरण्याची चाल अजून काही गावांत आहे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातली पोरे तरी त्या घोळक्यात दिसू नयेत.

मुलांना वाटते की पंचशीलातला ‘पाणातिपाता’ हा शब्द पाण्याचा आहे. तो पाण्याचा नाही. पाण म्हणजे प्राण असलेला जीव. बेडूकही त्यात आला.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही लिहायला बसलो ती सांगतो. आमच्या वस्तीत आठ वर्षांची एक मुलगी आहे. तिचे आईवडील जानेवारी लागला की मिरची तोडायला तेलंगणात जातात. राजुरा, गोंडपिपरी, मूल, सिंदेवाही, इकडची कितीतरी कुटुंबे दरवर्षी जातात. पोर मागे ठेवायला कुणी नसते, म्हणून तीही सोबत जाते. तीन-चार महिने मिरचीच्या शेतात, तेलगू पोरांबरोबर. परत येते तेव्हा उन्हाने काळवंडलेली असते आणि तोंडात तेलगू असते. यंदा जूनमध्ये शाळा उघडली. वर्गात चित्र दाखवून विचारले, हे काय? ती म्हणाली, ‘कप्प’. तेलगूत बेडकाला कप्प म्हणतात. वर्ग हसला. दुसऱ्या दिवसापासून तिचे नावच कप्पी पडले. पोरगी बोलायची बंद झाली. हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायची.

तिची आई आम्हाला म्हणाली, “पोरगी घरी पटपट बोलते नं, शाळेत गेली का मुकी बसते. इंग्लिश शाळेत टाकू काय तिले?”

हा प्रश्न आज घरोघरी आहे. इंग्रजीला आमचा विरोध नाही, बाबासाहेबांच्या अनुयायांनी तो करूही नये. मराठी शाळेतही सन 2000 पासून पहिलीपासून इंग्रजी आहेच. पण ज्या पोरीचा आवाज एका भाषेत बसला, तिला तिसऱ्या भाषेच्या वर्गात नेऊन बसवले तर तो उघडेल असे समजणे चूक आहे. फीची रक्कम मात्र मिरचीच्या मजुरीतून जाईल. नव्या भाषेत पडलेले मूल बरेचदा आधी काही काळ गप्पच राहते, कारण ते ऐकत असते. तो काळ कुणी हसून लांबवला नाही म्हणजे ते आपोआप बोलू लागते.

बेडकाचे तसे नाही. ओरडतो तो फक्त नर, आणि ज्याच्या त्याच्या जातीचा आवाज ठरलेला. मोठा पिवळा बेडूक वेगळा, खरबरीत भेक वेगळा, नखाएवढा बारका वेगळा. मादी आपल्याच जातीचा आवाज ओळखून त्याच्याकडे जाते. हे त्यांना कुणी शिकवत नाही, जन्मापासून अंगात असते. माणसाच्या पोराच्या अंगात अशी ठरलेली भाषा नसते. गोंड्याच्या घरी वाढले तर गोंडी, कोलामाच्या घरी कोलामी, खाणीच्या वसाहतीत हिंदी.

आणि राजुऱ्याला तर हे नवे नाही. हा तालुका निजामाच्या हैदराबाद राज्यात आदिलाबाद जिल्ह्यात होता. 1956 साली तो नांदेड जिल्ह्यात आला आणि 1959 साली चांद्याला जोडला गेला. निजामी राज्यात सरकारी कागद उर्दूत. आमच्या आजोबांच्या पिढीने कचेरीत उर्दू ऐकली, बाजारात तेलगू बोलली, घरी मराठी. त्यांना कुणी भाषापंडित म्हटले नाही, कारण ते मजूर होते. आजही जिवती तालुक्यात सीमेवरच्या चौदा गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघेही हक्क सांगतात, आणि तिथल्या पोरांपुढे मराठी शाळाही आहे, तेलगू शाळाही आहे.

बाबासाहेबांना शाळेत संस्कृत घेऊ दिले नाही, म्हणून त्यांनी फारसी घेतली. संस्कृत त्यांनी पुढे स्वतःच्या मेहनतीने मिळवली. जर्मन शिकले. पाली भाषेचे व्याकरण आणि शब्दसंग्रह त्यांनी तयार केला, तो महाराष्ट्र शासनाने 1998 साली सोळाव्या खंडात छापला. ज्यांच्यासाठी भाषेचे दार बंद केले होते, त्यांनी इतक्या भाषा मिळवल्या. आणि आपल्याच वस्तीतली पोरे एका पोरीला शेतात मिळालेल्या भाषेवरून हसतात!

‘बेडकी फुगली तरी बैल होत नाही’ ही म्हण आम्हाला कधीच आवडली नाही. ती नेहमी कुणी कुणाला ऐकवली ते आपल्याला माहीत आहे.

पालीत बेडकाला मंडूक म्हणतात. विमानवत्थूत एका मंडुकाची कथा आहे. चंपा नगरीत गग्गरा तळ्याच्या काठी भगवान बुद्ध धम्म सांगत होते. तळ्यातला एक बेडूक त्या आवाजाकडे ओढला जाऊन काठावर येऊन ऐकत बसला. त्याला शब्द कळत नव्हते. तेवढ्यात एक गुराखी आला, ऐकण्याच्या नादात काठी टेकून उभा राहिला, आणि काठी नेमकी त्या बेडकाच्या डोक्यावर. पुढे तो देवपुत्र झाला, असे कथेत आहे. त्या भागावर आम्ही अडून बसत नाही. आम्हाला आवडतो तो अर्थ कळण्याआधीच ऐकत बसलेला बेडूक. आमची पोरे वंदना तशीच शिकतात, आधी कानाने.

वर्षावासात एका संध्याकाळी आम्ही विहारातल्या मुलांना पालीचे शब्द सांगितले. हत्थ म्हणजे हात, कण्ण म्हणजे कान, सप्प म्हणजे साप, अग्गि म्हणजे आग, अज्ज म्हणजे आज, भत्त म्हणजे भात. मुले उड्या मारू लागली, हे तर मराठीच आहे! मग विचारले, तेलगूत पाण्याला काय म्हणतात? सगळे गप्प. ती पोरगी हळूच म्हणाली, ‘नीळ्ळु’. पावसाला? ‘वान’. इकडे ये? ‘इक्कड रा’. पायरीवर एक बेडूक बसला होता. चार पोरे त्याला ‘कप्पा, इक्कड रा’ म्हणून बोलावू लागली. तो अर्थातच आला नाही. कप्पी हे नाव अजून पूर्ण गेलेले नाही, पण आता ती चिडत नाही आणि हजेरी तोंडाने देते.

मिरचीला जाणाऱ्या मायबापांना एक सांगायचे आहे. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा 2009 सालचा आहे. त्याप्रमाणे मूल दुसऱ्या गावी, दुसऱ्या राज्यात गेले तरी तिथल्या शाळेत बसण्याचा त्याला हक्क आहे, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून कुणी प्रवेश नाकारू शकत नाही. परत आल्यावर त्याला वयानुसार वर्गातच बसवायचे आहे. जानेवारीत बोचके बांधताना पाटी-पुस्तक त्यात टाका, आणि निघायच्या आधी गुरुजींना सांगून जा. न सांगता गेलात तर तीन महिने नुसती गैरहजेरी लागते, आणि तिकडे शिकलेली भाषा कुणाच्याच वहीत चढत नाही.