बचतीचा पंप आणि तळाचा पाचोळा

मैत्रिणींनो, लेकीसुना परदेशी असलेल्या कितीतरी जणी आपल्यात आहेत. सहा महिने तिकडे राहायचे, नातवंडे सांभाळायची, मसाले-चटण्यांचे डबे भरून ठेवायचे आणि परत यायचे, हा आता आपल्याकडचा रिवाजच झाला आहे. तिकडचे भांडी घासायचे यंत्र, कपडे वाळवायचे यंत्र आपण चार दिवसांत शिकतो. पण लेक ॲरिझोना, टेक्सास, फ्लोरिडा अशा उन्हाळी मुलखात असली, तर मागच्या अंगणात पुष्कळदा आणखी एक संसार मांडलेला असतो. पोहण्याच्या तलावाचा! त्याबद्दल मात्र आपल्याला कुणी काही सांगत नाही.

मी बहिणीच्या मुलीकडे गेले होते, फिनिक्स शहराजवळ. पोचल्या पोचल्या ती म्हणाली, "मावशी, आधी पूल बघायला चल." मी आपली खिडकीतून नदी शोधतेय! निघाला तो निळा हौद.

एप्रिलचे दिवस. तिकडे पालो व्हर्दे नावाचे हिरव्या खोडाचे झाड आहे, ॲरिझोनाचे ते राज्यवृक्ष. वसंतात ते पिवळ्याधमक फुलांनी भरून जाते आणि मग ती सगळी फुले वाऱ्यावर उडून हौदात येतात. पाण्यावर पिवळा सडा, तळाशी पिवळा सडा. मला तर फार सुंदर वाटले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला बघते तो भाची बारा फुटी दांड्याची जाळी घेऊन तळातला पाचोळा ओढते आहे. उजवा खांदा तिचा हिवाळ्यापासून धरलेला. केस विंचरताना हात वर जात नाही, आणि ही पाण्याखालून ओली फुले उपसते आहे!

"अगं, तुझ्याकडे यंत्र होतं ना रांगणारं? फोनवर दाखवलं होतंस."

"आहे ना. नवा पंप बसवल्यापासून ते झोपलंय."

आणि आत स्वयंपाकघरात फ्रिजच्या दाराला जावईबापूंनी विजेचे बिल लोहचुंबकाने लावून ठेवलेले. आकडा खाली आला, त्याला लाल पेनने गोल!

आता हे काय गौडबंगाल आहे ते समजून घेऊ. हौदाचे पाणी रोज गाळावे लागते. पंप हौदातून पाणी ओढतो, गाळणीतून म्हणजे फिल्टरमधून काढतो आणि परत हौदात सोडतो. ते रांगणारे यंत्र या पंपाच्या ओढीवरच चालते. त्याला स्वतःची मोटर नसते. एक लांब नळी, तिचे एक टोक यंत्राला, दुसरे हौदाच्या भिंतीतल्या ओढीच्या भोकाला किंवा वरचा केर टिपणाऱ्या स्किमरला. पंप पाणी ओढतो, त्या ओढीने यंत्र तळावर सरकत जाते आणि केर गिळते. 'क्रीपी क्रॉली' नावाचे यंत्र या जातीतले फार प्रसिद्ध. दक्षिण आफ्रिकेत फर्डिनांड शोव्हिए या इंजिनिअरने ते १९७४ साली काढले.

जुन्या पंपाला एकच गती असे, मिनिटाला ३४५० फेरे. चालू किंवा बंद, मधले काही नाही. नव्या पंपाची गती मात्र हवी तशी कमीजास्त करता येते. अमेरिकेत १९ जुलै २०२१ पासून विजेच्या बचतीचा नियम आला, आणि जमिनीत बांधलेल्या बहुतेक हौदांचे पंप त्यामुळे या जातीचेच मिळतात. भाचीकडचा जुना जळला, तेव्हा साहजिकच नवा आला.

आणि बचत खरीच आहे बरं का! गती निम्मी केली की पाणी निम्मे वाहते, पण वीज हिशोबाने आठव्या हिश्श्यावर येते. प्रत्यक्षात थोडी जास्त लागते, तरी फरक डोळे दिपवणारा. शिवाय संथ पाणी गाळणीतून चांगले गाळून निघते. पंपाची घरघरही नाही. जावईबापूंनी हे सगळे वाचून पंप १२०० फेऱ्यांवर लावला आणि चोवीस तास तसाच ठेवला.

मेख इथेच आहे. गती निम्मी केली की पाणी निम्मे, पण ओढीचा जोर चौथा हिस्सा! १२०० फेरे म्हणजे तर जवळजवळ तिसरा हिस्सा गती, म्हणजे जोर आठव्या हिश्श्याच्याही आसपास. एवढ्याशा ओढीवर यंत्र कसे रांगणार? मिक्सरचे बटण १ वर ठेवून ओल्या खोबऱ्याची चटणी वाटायला बसलात तर काय होईल? ताक घुसळायला १ ठीक. चटणीला ३ वरच न्यावे लागते, पण तेवढ्यापुरते. दिवसभर कुणी मिक्सर ३ वर ठेवत नाही.

रात्री जेवताना मी विषय काढला. जावईबापू माणूस सालस, पण सकाळी सहाला उठणारे नव्हेत. म्हणाले, "मावशी, गती वाढवली तर बचत कुठे राहिली?" मी म्हटले, "या बिलात हिच्या खांद्याचा आकडा कुठे लिहिलाय ते दाखवा." मग कागद-पेन्सिल घेऊन आम्ही बसलो. जुना पंप सोळाशे वॅटचा धरा. रोज आठ तास म्हणजे पावणेतेरा युनिटे. नवा पंप १२०० फेऱ्यांवर दीडशे वॅट धरला तरी बारा तासांची दोन युनिटेसुद्धा होत नाहीत. आता त्यात यंत्रासाठी तीन तास गती वाढवली, सहाशे वॅट धरले, तर आणखी दोनाच्या आतच. पावणेतेराच्या जागी चार! गेले काय बचतीचे? गप्प बसले बिचारे. आणि दुसऱ्या दिवशी स्वतः सहाला उठून बाहेर आले, हे सांगायला हवे.

गती किती ठेवायची, याचा ठरीव आकडा नाही. प्रत्येक हौदाचे नळ वेगळे, यंत्र वेगळे. आधी सगळ्या टोपल्या रिकाम्या करा. स्किमरमधली आणि पंपाच्या तोंडाशी काचेच्या झाकणाखाली असते तीही. यंत्र गिळते तो सगळा पाचोळा शेवटी त्या पंपाच्या टोपलीतच येतो. ती भरली की ओढ संपली. पाचोळा फार असेल तर नळीच्या मध्ये बसवायचा पाने अडवणारा डबा मिळतो, तो घ्याच. मग नळी हळूहळू पाण्यात बुडवून तिच्यातली हवा काढा. हे विसरलात तर पंप हवा धरतो, आपल्या सोसायटीच्या मोटरीसारखा. तळाच्या जाळीकडे आणि दुसऱ्या स्किमरकडे जाणारे व्हॉल्व्ह बरेचसे मिटवा. शहाळ्यात दोन नळ्या घालून एक पाण्याबाहेर ठेवली तर पाणी तोंडात येते का? तसेच हे. सगळी ओढ यंत्राकडे गेली पाहिजे.

एवढे झाले की १८०० फेऱ्यांपासून सुरुवात करा. दहा मिनिटे बघत उभे राहा. यंत्र हलत नसेल तर शंभराने वाढवा, पुन्हा थांबा. भाचीकडे २३०० ला ते डुलत डुलत निघाले. आम्ही २४०० वर कायम केले, कारण फिल्टर मळत जातो तसतशी ओढ थोडी घटते. फार वाढवण्यातही शहाणपण नाही. यंत्र तळाला चिकटून बसते, नाहीतर भिंत चढून पाण्याबाहेर तोंड काढते आणि हवा ओढते, त्याचे रबरही लवकर झिजते. नेमकी ओढ दाखवणारे छोटे मापकही यंत्राबरोबर येते काही वेळा. ते फेकून देऊ नका.

तीन तास आम्ही पहाटेचे निवडले. संध्याकाळी वीज महाग असण्याचा दर पुष्कळ घरांना असतो, तो टाळायचा. आणि यंत्र चालू असताना हौदात कुणी उतरायचे नाही.

हे शेवटचे वाक्य मी उगाच लिहिले नाही. नळी काढल्यावर भिंतीतले ते ओढीचे भोक उघडे राहते. त्यावर स्प्रिंगचे झाकण असावे लागते, नळी काढली की आपोआप मिटणारे. भाचीकडचे बघितले तर स्प्रिंग तुटून झाकण लोंबत होते! इतके दिवस पंप संथ होता, आता २४०० वर जाणार, आणि नात सहा वर्षांची, कमरेपर्यंत वेणी. पंपाची ओढ लहान मुलाचा हात धरून ठेवते, केस आत ओढून घेते. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची सात वर्षांची नात २००२ साली गरम पाण्याच्या हौदात तळाच्या ओढीला चिकटून बुडाली. तिच्या नावाने तिथे २००७ साली कायदा झाला, सार्वजनिक तलावांना सुरक्षित जाळ्या सक्तीच्या झाल्या. घरच्या जुन्या हौदांत मात्र कोण बघायला येतो? आपणच बघायचे. मी म्हटले, झाकण येईपर्यंत पोहणे बंद. नातीने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला, चालेल! शनिवारी नवे झाकण आले, ते बसल्यावरच ती पाण्यात उतरली, तीही वेणीचा घट्ट अंबाडा घालून. तळाची जाळी सैल किंवा तडकलेली दिसली तरी हाच नियम. आणि पंप बंद करायचे बटण कुठे आहे, हे पाहुण्या आजीलासुद्धा माहीत हवे. पहिल्या दिवशीच विचारून घ्या.

दोन बारीक गोष्टी राहिल्या. फिल्टरवरचे दाबाचे घड्याळ पूर्वी सरळ वाचता यायचे. आता गती बदलली की काटाही बदलतो. म्हणून रोज एकाच गतीवर असताना बघा, नाहीतर फिल्टर मळलेला असून स्वच्छ वाटेल. भाचीने पहाटेच्या २४०० वरचा स्वच्छ आकडा तेलखडूने घड्याळाशेजारी लिहून ठेवला आहे. त्यापेक्षा आठ-दहा वर गेला की धुवायचा.

आणि नळी कधी गुंडाळून ठेवू नका. उन्हात तिला वेटोळ्याची सवय लागते आणि मग यंत्र एकाच जागी गोल गोल फिरत राहते, उरलेला हौद तसाच. भिंतीच्या कडेने सरळ आडवी टाका. भाचीकडे ती आता कुंपणालगत पसरलेली असते. पहिल्या दिवशी अंधारात मला तो सापच वाटला होता.