शाळेची बातमी गावाला

जिल्हा परिषदेच्या कोणत्याही प्रशालेत सकाळच्या परिपाठाच्या वेळी मैदानाच्या कडेला उभे राहून पाहावे. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका आणि अलीकडे राज्यगीत झाले, सुविचार व दिनविशेष सांगून झाला, की आठवी-नववीतला एखादा विद्यार्थी पुढे येतो आणि वर्तमानपत्रातून उतरवून आणलेल्या चार-पाच बातम्या खणखणीत आवाजात वाचून दाखवितो. त्यांत दिल्लीचे राजकारण असते, परदेशातील युद्ध असते, क्रिकेटच्या सामन्याचा निकाल तर असतोच असतो. मात्र गणिताच्या शिक्षकांची बदली झाल्यानंतर त्यांच्या जागी अद्याप कोणी रुजू झालेले नाही, मुलींच्या स्वच्छतागृहाचे पाणी आठ दिवसांपासून बंद आहे, तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात आपल्या सातवीच्या मुलांनी मांडलेले उपकरण जिल्ह्यासाठी निवडले गेले आहे, किंवा येत्या गुरुवारी दहावीच्या परीक्षेचे आवेदनपत्र भरण्याची मुदत संपून पुढे विलंब शुल्क पडणार आहे, यांपैकी एकही वार्ता त्या वाचनात येत नाही. ज्या संस्थेच्या अंगणात हे वाचन चालते, तिच्याविषयी तेथे चकार शब्द निघत नाही, आणि या विसंगतीचे कोणास वैषम्य वाटत असल्याचेही दिसत नाही.

शाळेत काही घडत नाही म्हणून असे होते, असे मानण्याचे कारण नाही. दिवाळीच्या सुटीनंतरचे दिवस पाहिले तरी आठवडे कार्यक्रमांनी ओथंबलेले असतात. ७ नोव्हेंबरला विद्यार्थी दिवस, १४ तारखेला बालदिन, २६ ला संविधान दिन, ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिन, ३ जानेवारीस सावित्रीबाईंची जयंती. त्यांच्या अधेमधे तालुक्याच्या क्रीडास्पर्धा, विज्ञान प्रदर्शन, सहलीसाठी एस. टी. आगाराकडे करावयाचा अर्ज, स्नेहसंमेलनाच्या तालमी. यांपैकी पहिल्या दिवसाचे औचित्य मला विशेष वाटते. साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात १९०० साली याच तारखेस बाबासाहेब आंबेडकरांचा प्रवेश झाला, आणि त्या काळच्या दफ्तरात 'भिवा रामजी आंबेडकर' अशी त्यांची नोंद आजही पाहावयास मिळते. २०१७ पासून शासन हा दिवस पाळते ते त्या एका ओळीच्या आधारावर. म्हणजे शाळेतील कोणीतरी आपल्या शाळेत त्या दिवशी काय घडले ते नेमके लिहून ठेवले नसते, तर आज परिपत्रकास मुक्रर तारीखही मिळाली नसती.

परंतु आज प्रत्येक उपक्रमाचा आरंभ वरून आलेल्या हुकुमाने होतो आणि त्याची समाप्ती वर पाठविलेल्या अहवालाने होते. किती विद्यार्थी सहभागी झाले, त्यांत मुली किती, छायाचित्रे किती जोडली, चित्रफीत संकेतस्थळावर चढविली की नाही, याची खातरजमा केंद्रप्रमुखांपासून शिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत पायरीपायरीने होत जाते. या व्यवहारात वृक्षारोपण करणाऱ्या मुलास रोप हातात धरून छायाचित्र निघेपर्यंत ताटकळावे लागते, हे एक वेळ सोडून देऊ. पण ते छायाचित्र ज्या दफ्तरात जाते तेथे त्या मुलाला ओळखणारा कोणी नसतो, आणि त्याला नावानिशी ओळखणाऱ्या गावात ते कधी पोहोचतच नाही, हे सोडून देण्यासारखे नाही. शाळेचे वृत्त तयार होते, परिश्रमपूर्वक होते. फक्त त्याचा पत्ता चुकलेला आहे.

खाजगी संस्थेच्या शाळेची गोष्ट काहीशी निराळी आहे. पश्चिम महाराष्ट्रात माध्यमिक शिक्षणाचा भार मुख्यतः शिक्षणसंस्थांनी वाहिला. १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी स्थापिलेली रयत शिक्षण संस्था हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण. अशा संस्थेला सभासद असतात, आजीव सेवक असतात, देणगीदार असतात, वार्षिक सभा असते, आणि या मंडळींपुढे वर्षाकाठी का होईना, शाळेचा जमाखर्च मांडावा लागतो. मराठवाड्यात मात्र बऱ्याच गावच्या हायस्कूलचे नाव 'जिल्हा परिषद प्रशाला' असते. १९६२ च्या मे महिन्यात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण शिक्षणाचा मोठा कारभार त्यांच्याकडे गेला, त्यामागे कल्पना अशी होती की शाळा लोकांच्या अधिक जवळ यावी. कागदोपत्री ती आलीही. पण या शाळेला ना सभासद, ना देणगीदार. तिचा धनी गाव, आणि त्या धन्यालाच आपल्या मालमत्तेत या आठवड्यात काय चालले आहे हे कळविण्याची रीत मात्र पडली नाही.

आता कोणी म्हणेल की सूचना तर दिल्या जातात. दिल्या जातात खऱ्या. मुख्याध्यापक सूचनावहीत चार ओळी लिहितात, शिपाई ती वही घेऊन वर्गावर्गांतून फिरतो, तासावर असलेले शिक्षक हातातला खडू ठेवून ती वाचतात, खाली सही करतात, आणि सूचना दिली गेली असे गृहीत धरून वही पुढच्या वर्गाकडे जाते. सूचना मुलाच्या कानापर्यंत पोहोचते. कानापासून घरापर्यंतचा प्रवास तिने मुलाच्या मर्जीप्रमाणे करावयाचा असतो. याच्या जोडीला हल्ली पालकांचा व्हॉट्सॲप समूह असतो. त्याची उपयुक्तता मी नाकारीत नाही, पण ज्या घरात मोबाइल एकच आहे आणि तो सकाळी बापाच्या खिशातून कामावर जातो, त्या घरी ती सूचना रात्री, शुभेच्छांच्या फुलांखाली गाडली गेलेली, हाती लागते. बीड जिल्ह्यात तर दिवाळीनंतर आईबाप दोघेही ऊसतोडीला कारखान्यांच्या मुलुखात निघून जातात, आणि मुले मागे राहिलीच तर आजीच्या छायेत राहतात. तो मोबाइल कोल्हापूरच्या किंवा कर्नाटकाच्या फडात वाजतो; ज्या म्हाताऱ्या बाईने नातवाला वेळेवर शाळेत धाडावयाचे, तिला काहीच कळत नाही.

शाळेने आपले वर्तमान आपणच लिहावे ही कल्पना काही नवी नाही. १९२४ साली साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले, पुढे तेथील छात्रालयाचा भार त्यांच्याकडे आला, आणि वर्गातले शिकविणे, मुलांची आजारपणे, त्यांच्या अंथरुणा-पांघरुणाची व्यवस्था हे सारे सांभाळून त्यांनी छात्रालयात एक दैनिक चालविले. ते छापलेले नव्हते. हाताने लिहिलेले होते. १९२८ मध्ये 'विद्यार्थी' हे मासिक निघाले ते त्यानंतर. गुरुजींचा गौरव करताना आपण त्यांच्या कथांतील अश्रूंचीच आठवण इतक्या वेळा काढली आहे की, त्यांच्या ठायी एक दक्ष, नित्यनेमाचा संपादकही वसत होता याकडे आपले दुर्लक्ष झाले. मुलांच्या एका वसतिगृहाला रोजचे पत्र हवे, असे ज्याला वाटले आणि ज्याने ते निघते ठेवले, त्याने शिक्षणशास्त्राची फार मोठी गोष्ट केली असे माझे मत आहे. आपण जेथे राहतो तेथील घटना लिहिण्यास योग्य आहेत, हे मुलाला त्या कागदावरून उमजत असले पाहिजे.

माझी सूचना याहून पुष्कळ लहान आहे. दैनिकाचा आग्रह कोणी धरू नये. आठवड्यातून एकदा, कागदाची एक बाजू, नववीच्या विद्यार्थ्यांनी आळीपाळीने लिहिलेली आणि मुख्याध्यापकांच्या सहीने प्रमाणित झालेली. अर्ध्या भागात मागील आठवड्याचे वृत्त, अर्ध्या भागात येत्या आठवड्याची कार्ये. येत्या आठवड्याचा भाग अधिक महत्त्वाचा, कारण त्यात पैसा गुंतलेला असतो. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा आठवीत असते. शासकीय, अनुदानित व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील, वार्षिक साडेतीन लाख रुपयांच्या आतील उत्पन्नाच्या कुटुंबांतील मुलांसाठी ती आहे, आणि निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. म्हणजे उत्पन्नाचा दाखला वेळेवर तहसिलातून न आणल्यामुळे ज्या मुलीचा अर्ज राहिला, तिच्या घराचे चार वर्षांत ४८,००० रुपयांचे नुकसान होऊ शकते, आणि त्या नुकसानीची नोंद कोणत्याही अहवालात नसते. राज्याची शिष्यवृत्ती परीक्षा, चित्रकलेच्या एलिमेंटरी व इंटरमीजिएट परीक्षांचे अर्ज, मुलींच्या मोफत एस. टी. पासाचे नूतनीकरण, आधारातील नाव आणि जनरल रजिस्टरातील नाव यांची रुजुवात: या सगळ्यांस मुदती असतात, आणि मुदतीची बातमी मुदतीपूर्वी मिळाली तरच ती बातमी.

मागील आठवड्याच्या भागात काय यावे याविषयी मुख्याध्यापकांशी मतभेद होतील, आणि ते व्हावेत. कबड्डीचा संघ हरला तर हरला असे लिहावे. पोषण आहारात कोणत्या दिवशी काय शिजले, टाकी केव्हा धुतली, ग्रंथालयाचे कपाट किती वेळा उघडले, कोणत्या वर्गाचे कोणत्या विषयाचे किती तास झाले नाहीत, हे सारे त्यात असावे. (पोषण आहाराचा विषय निघाला आहे म्हणून सांगतो: पाचवी ते दहावीच्या प्रशालेत आठवीपर्यंतच्या मुलांना दुपारचे जेवण मिळते आणि नववीच्या मुलांना मिळत नाही, कारण योजना आठवीशी संपते. एकाच व्हरांड्यात धाकटी बहीण ताट घेऊन बसते आणि थोरला भाऊ डबा नसल्यास नळावर जातो. ही गोष्ट शाळेतील प्रत्येक जण जाणतो. गावातील किती जण जाणतात, अशी मला शंका आहे.)

रिक्त पदांची बातमी बाहेर गेली तर शाळेची बदनामी होईल, पटसंख्या घसरेल, तालुक्याच्या गावी जाणाऱ्या पिवळ्या बसगाड्या आणखी भरतील, अशी भीती मुख्याध्यापकांना वाटते, आणि ती अनाठायी नाही. पण शिक्षक नाही हे ज्या घरातून मूल शाळेत येते त्या घरास ठाऊक असतेच. तक्रार करणाऱ्याच्या हाती तारीख आणि तपशील मात्र नसतो. 'जूनपासून गणिताचे पद रिक्त' अशी ओळ आठवड्यामागून आठवडा त्याच जागी झळकत राहिली, तर तिची लाज शाळेला कमी आणि नेमणुकीचा अधिकार ज्यांच्या हाती आहे त्यांना अधिक वाटेल. दडपलेली बातमी कार्यालयाच्या सोयीची असते, शाळेच्या नव्हे.

कायदा तर या बाजूनेच उभा आहे. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातील चौथे कलम सार्वजनिक प्राधिकरणास सांगते की, कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता आपली माहिती आपण होऊन प्रसिद्ध करा. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे ठरवून दिले. समितीच्या सभा भरतात, इतिवृत्त लिहिले जाते, त्यावर सह्या व अंगठेही होतात. मात्र सभेस आलेल्या बाईला आधीच्या महिन्याची हकीकतच ठाऊक नसेल तर तिने विचारावयाचे काय? चहा येतो, वही फिरते, सभा संपते.

शिक्षकांवर आणखी एक काम लादले जाईल हा आक्षेप मी सर्वांत गंभीर मानतो. जनगणना, निवडणुका आणि आपत्तीनिवारण वगळता शिक्षकांना शिक्षणबाह्य कामास लावू नये असे त्याच कायद्याचे सत्ताविसावे कलम म्हणते, आणि ते अपवादच किती पुरून उरतात हे मतदारयादी घेऊन दारोदार हिंडणाऱ्या गुरुजींना विचारावे. म्हणून हे पत्रक विद्यार्थ्यांनीच लिहावयाचे आहे, आणि आठवड्यातील मराठीचा एक तास त्यासाठी द्यावयाचा आहे. बातमीलेखन पाठ्यपुस्तकात आहेच, फक्त काल्पनिक वृक्षदिंडीची बातमी लिहिण्याऐवजी त्यांनी खऱ्या टाकीची लिहावी. शिवाय शिक्षणाधिकाऱ्यांनी त्याच पत्रकाची प्रत उपक्रमांचा अहवाल म्हणून ग्राह्य धरावी आणि निराळी छायाचित्रे मागू नयेत. एवढे एक आदेशपत्र निघाले तरी शिक्षकांचे काम वाढण्याऐवजी घटेल. ते निघेल अशी फारशी आशा मला नाही, पण मागण्यास हरकत नसावी.

एक पथ्य मात्र कडक पाळावयास हवे. कोणाला किती गुण पडले, कोणाची फी राहिली, कोणास कोणत्या प्रवर्गातून शिष्यवृत्ती मिळाली, कोणाला शिक्षा झाली, यांपैकी काहीही त्या कागदावर नावानिशी येता कामा नये. पत्रक शाळेचा हिशेब देण्यासाठी आहे. मुलांचा चव्हाटा मांडण्यासाठी नाही.

राहिला प्रश्न, पत्रक लावावयाचे कोठे आणि केव्हा. शाळेच्या फाटकावर लावलेले पत्रक शाळेत येणारेच वाचतील. ते ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, एस. टी. च्या निवाऱ्यात, रेशन दुकानाच्या दाराशी आणि पिठाच्या गिरणीत लागले पाहिजे, म्हणजे दळणाची वाट पाहत बसलेल्या आजीला शेजारचे पोर ते वाचून दाखवील. वार म्हणून शनिवार सोयीचा वाटतो, कारण त्या दिवशी सकाळची शाळा असते आणि मुले दुपारी मोकळी असतात. तरीही मी शनिवार सुचविणार नाही. ज्या गावचा आठवडी बाजार ज्या वारी भरतो, त्याच्या आदल्या संध्याकाळी ते लागावे. वस्त्यांवरची आणि तांड्यांवरची माणसे गावात येतात ती बाजाराच्याच दिवशी.