बोट घेताना नळकांडी बघा

मिनेसोटा किंवा मिशिगनमध्ये राहणारे मराठी कुटुंब तळ्यावरच्या सहलींसाठी बोट घ्यायचे ठरवते, तेव्हा पाँटूनकडे वळणे स्वाभाविकच आहे. सपाट डेक, भोवती कठडा, मुलांना वावरायला जागा, आणि भारतातून आलेल्या आजी-आजोबांनाही धक्क्यावरून सहज पाऊल टाकता येते. अडचण येते ती शेवटच्या दोन बोटींपाशी. लांबी तीच, आसने तेवढीच, किंमत थोडी इकडेतिकडे. मग गाद्यांचा रंग आणि स्पीकरचा आवाज निकाल लावतात. माझ्या मते हा निकाल डेकखालच्या अॅल्युमिनियमच्या नळकांड्यांवर लागायला हवा, कारण सगळ्या कुटुंबाचा भार तीच पेलतात.

एका बोटीच्या नळकांड्यांचा व्यास 23 इंच आणि दुसरीच्या 25 इंच असेल, तर हा फरक नजरेत भरतही नाही. पण आकारमान व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे तेवढ्याच लांबीत दुसरी सुमारे 18 टक्के जास्त पाणी बाजूला सारू शकते. म्हणजे तेवढीच माणसे बसली तरी ती पाण्यावर अधिक उंच राहते, आणि सगळे एकदम पुढच्या टोकाशी जमले तरी नाक पाण्यात जाण्याचा धोका कमी होतो. तिसरे नळकांडे असेल तर आधार आणखी वाढतो.

दिसायला सारख्या बोटींना सारख्याच समजण्याची किंमत बाल्टिमोरने मोजली आहे. 6 मार्च 2004 रोजी तिथल्या बंदरात ‘लेडी डी’ ही पाँटून जलटॅक्सी वादळी वाऱ्यात उलटली. 25 जणांपैकी 5 जण दगावले. चौकशीत आढळले, की स्थैर्याची चाचणी या बोटीची झालीच नव्हती. दुसऱ्या पाँटून बोटीची ‘जुळी’ मानून हिला प्रवासीसंख्या ठरवून दिली होती, आणि दोघींची रचना मात्र वेगळी होती. शिवाय माणशी 140 पौंडांचा जुना हिशेब धरला होता. पुढे तटरक्षक दलाने प्रवासी बोटींसाठी तो आकडा 185 पौंडांवर नेला.

कुणी म्हणेल, ती प्रवासी बोट होती, आम्ही शांत तळ्यात हळू जाणार. पण ‘लेडी डी’सुद्धा बंदरातल्या छोट्या फेरीवरच होती, आणि वारा तळ्यावरही अचानक उठतो. लाइफ जॅकेट असतातच, हे उत्तरही पुरे पडत नाही. अमेरिकी तटरक्षक दलाच्या आकडेवारीनुसार 2023 मध्ये मनोरंजनासाठीच्या बोटींच्या अपघातांत 564 मृत्यू झाले. कारण कळलेल्यांपैकी पाऊण हिस्सा बुडून झाले, आणि बुडालेल्यांपैकी 87 टक्क्यांच्या अंगात जॅकेट नव्हते. जॅकेट घालायलाच हवे. पण माणसे ते काढून ठेवतात, हे धरूनच बोट निवडावी लागते. पैशांचा आक्षेप मात्र खरा आहे. तिसऱ्या नळकांड्याने किंमत वाढते, वजन वाढते, इंजिनही मोठे लागते. लहान तळ्यात सहा-सात जणांसाठी मोठ्या व्यासाची दोन नळकांडी मला पुरेशी वाटतात, आणि त्यासाठी भारी गाद्या सोडाव्या लागल्या तर खुशाल सोडाव्यात.

म्हणून पैसे देण्यापूर्वी दोन्ही बोटींवरची क्षमतेची पाटी वाचा. माणसांचा आकडा बाजूला ठेवून वजनाचा आकडा घ्या, घरातल्या प्रत्येकाचे खरे वजन आणि सामानाचा भार मांडून बेरीज करा, आणि जिच्यात जास्त शिल्लक उरते ती बोट घ्या.