करडांच्या अंगाखाली काय अंथराल?

शेळी ही गरिबाची गाय, असे म्हणतात. आपल्या धाराशिव जिल्ह्यातील भूमिहीन कुटुंबांना हे सांगावे लागत नाही. बहुतेक काळ्या रंगाची, अनेकदा जुळी करडे देणारी उस्मानाबादी शेळी याच भागातली. 2023 साली जिल्ह्याचे नाव बदलले, शेळीचे मात्र तेच राहिले. अशा घरात करडू म्हणजे मुलांच्या वह्या-पुस्तकांचा आणि अडीअडचणीचा पैसा. म्हणून आज एका साध्या गोष्टीविषयी लिहितो आहोत.

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतील एका भगिनीची शेळी व्याली. गोठ्यात ओल होती. आम्ही मोठ्या शहाणपणाने सुताराकडून पोतेभर भुसा आणून दिला. फुकट मिळाला, म्हणून आनंदही झाला. भुसा पिठासारखा बारीक होता. चार दिवसांत तो भिजून कुबट झाला, करडे खोकू लागली आणि जुळ्यांतील एक दगावले. कचेरीत दिवसभर जमाखर्च तपासणाऱ्या आम्हांस फुकटाचा हिशेब मांडता आला नाही!

त्यानंतर पशुवैद्यकीय डॉक्टरांकडून समजून घेतले, ते असे. करडाचे नाक जमिनीलगत असते. मूत्र कुजले की अमोनिया वायू तयार होतो. माणसाला उभ्याने जो वास जेमतेम येतो, तो करडाच्या श्वासनलिकेला सतत झोंबतो. त्यात बारीक धूळ आणि ओलीची थंडी मिळाली की फुफ्फुसाचा आजार बळावतो.

दुसरा धोका हगवणीचा. मोठ्या शेळीच्या लेंडीतून कॉक्सिडिया नावाच्या सूक्ष्म जंतूंची अंडी पडतात. शेळी धडधाकट दिसते, पण ऊब आणि ओल मिळाली की दोन-तीन दिवसांत ही अंडी रोग पसरविण्याजोगी होतात. करडू तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून दिसेल ते चघळते. म्हणून ओले अंथरूण रोज काढावे आणि लहान करडांच्या कप्प्यातील सर्वच तिसऱ्या दिवशी बदलावे. चारा व पाणी खाली न ठेवता उंचावर ठेवावे.

अंथरावे काय? खाली मुरमाची, थोडा उतार दिलेली जमीन असावी. तिच्यावर गव्हाचे कोरडे काड किंवा उसाचे वाळलेले, तोडून बारीक केलेले पाचट तीन-चार इंच पसरावे. थंडीत थर वाढवावा. सोयाबीनचे भुसकट कोरडे असेल तर चालते, पण करडे ते खातात. म्हणून त्यात बुरशीचा अंशही नको. भुईमुगाची काळवंडलेली टरफले अजिबात वापरू नयेत, कारण त्या बुरशीचे विष यकृत बिघडवते. वाळवीचे औषध मारलेल्या लाकडाचा भुसा नको. खताचे प्लॅस्टिकचे पोतेही नको. ते पाणी शोषत नाही, आणि त्याचे सुटलेले धागे पोटात जाऊन अडकतात.

झाडल्यावर जमिनीवर विझवलेला चुना भुरभुरावा. तो कोरडा झाल्यावर वर काड अंथरावे आणि मगच करडे आत सोडावीत. काढलेले अंथरूण लेंड्यांसह उकिरड्यात टाकावे. त्याचे उत्तम खत होते, म्हणजे ती बाजूही जमेचीच.

उरलेले करडू आता चांगले धरले आहे. परवा त्या भगिनीकडे गेलो, तेव्हा गोठा स्वच्छ दिसला. आम्ही दारातूनच मान डोलावली. ती म्हणाली, "दादा, उभ्यानं काय कळतंय? खाली बसून बघा की."

आम्ही पँट सावरून काडावर बसलो. डोळे झोंबले नाहीत, पँटही ओली झाली नाही. माताभगिनींनो, यापेक्षा चांगली परीक्षा आम्हांला तरी ठाऊक नाही. रोज सकाळी एवढे बसून बघाच.