फाशीच्या कोठडीतील विलंब

कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने रेणुका शिंदे व सीमा गावित या बहिणींना 2001 साली फाशी सुनावली, तेव्हा खटल्याच्या केंद्रस्थानी पळवून नेलेली लहान मुले होती. गर्दीत पाकीटमारी करताना कडेवर मूल असले की संशय टळतो, हे या बहिणींच्या टोळीचे साधे व भयंकर गणित होते. एकदा सीमा पकडली जाताच लोकांचे लक्ष दुसरीकडे वळवण्यासाठी आई अंजनाबाईने कडेवरचे मूल जमिनीवर आपटले, आणि पुढे ते मारले गेले. अंजनाबाई खटल्याआधीच मरण पावली. रेणुकेचा नवरा माफीचा साक्षीदार, म्हणजे गुन्ह्यात सामील असूनही शिक्षेतून सूट मिळण्याच्या अटीवर सरकारपक्षाच्या बाजूने साक्ष देणारा, झाला. सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये फाशी कायम केली.

त्यानंतरचा काळ गुन्ह्याइतकाच अभ्यासण्याजोगा आहे. दयेचा अर्ज, म्हणजे राज्यपाल वा राष्ट्रपतींकडे शिक्षा सौम्य करण्यासाठी केलेली विनंती, निकाली निघायला सात वर्षांहून अधिक काळ गेला, आणि या दिरंगाईचा दोष मुंबई उच्च न्यायालयाने मुख्यतः राज्य सरकारच्या अधिकाऱ्यांच्या बेफिकिरीवर ठेवला. असा अकारण विलंब घटनेच्या अनुच्छेद 21 मधील जीविताच्या हक्काला बाधा आणतो, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये मांडले होते. त्याच आधारे 18 जानेवारी 2022 रोजी फाशीची जन्मठेप झाली. सुटकेची मागणी मात्र, गुन्ह्यांचे क्रौर्य पाहता रास्तपणेच, फेटाळली गेली.