गाडी आपली, कुलूप कंपनीचे

पंधरा-अठरा वर्षांपूर्वीच्या पुष्कळ परदेशी बनावटीच्या गाड्यांत स्टिअरिंगवर फोनचे बटण असते, छताच्या दिव्यापाशी माइकची जागा असते, पडद्यावर टेलिफोनचा मेनूही असतो. नसते ते फक्त ब्लूटूथचे मॉड्यूल, कारण गाडी घेताना पहिल्या मालकाने त्याचे जादा पैसे भरलेले नसतात. तेच मॉड्यूल त्याच गाडीच्या महागड्या आवृत्तीत कंपनीने स्वतः बसवलेले असते आणि आज ते भंगारात निघालेल्या गाडीतून काढून मिळू शकते. ते जागेवर बसवणे, वायरिंग ओढणे, माइक लावणे ही कामे बनारसमधल्याच काय, तालुक्याच्या गावच्या चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनलाही जमतात. अडते त्यापुढे. अनेक जर्मन गाड्यांत रेडिओ, ॲम्प्लिफायर, नेव्हिगेशन आणि फोन ही सगळी यंत्रे ऑप्टिकल फायबरच्या एकाच वर्तुळात जोडलेली असतात. त्यात नवे यंत्र आले की गाडीच्या संगणकात त्याची नोंद, म्हणजे कोडिंग, करावे लागते. काही कंपन्यांनी त्याच्यावर आणखी एक कुलूप घातले आहे, ते कंपनीच्या सर्व्हरशी जोडणी झाल्याशिवाय उघडत नाही आणि ती जोडणी अधिकृत सर्व्हिस सेंटरच्याच हाती असते. तिथे नकार मिळाला, की पैसे मोजून घेतलेल्या गाडीत, त्याच कंपनीचा सुटा भाग, मालकाला वापरता येत नाही.

माझे म्हणणे असे, की गाडी विकल्यानंतर तिच्यात बदल करण्यासाठी लागणारे ज्ञान कंपनीला स्वतःपाशी अडवून ठेवता येऊ नये. वाजवी शुल्क घेऊन, पण कुणाही प्रशिक्षित कारागिराला, ते मिळालेच पाहिजे. ज्ञान हाती आले की जुन्या यंत्राचे आयुष्य किती लांबते, याचा सर्वांत ठोस दाखला बनारसमध्येच आहे. तिथले डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्स, म्हणजे 2020 पासूनचे बनारस लोकोमोटिव्ह वर्क्स, अल्को या अमेरिकन कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने उभे राहिले. पहिले इंजिन 1964 साली राष्ट्राला अर्पण झाले. पुढे पाचच वर्षांत, 1969 मध्ये, अल्कोने अमेरिकेत इंजिने बनवणेच थांबवले. तोवर आराखडे आणि ते वाचू शकणारी माणसे बनारसला तयार झाली होती, म्हणून मूळ कंपनी गेली तरी तिच्या घराण्यातली इंजिने इथे आणखी कित्येक दशके बनत राहिली. 2600 अश्वशक्तीचा मूळ नमुना 3100 पर्यंत वाढवला गेला. पुढे याच कारखान्याने त्या घराण्यातली दोन जुनी मालवाहू डिझेल इंजिने घेऊन त्यांचे दहा हजार अश्वशक्तीचे जोड विद्युत इंजिन केले. संकल्पनेपासून बांधणीपर्यंत 69 दिवस लागले आणि 19 फेब्रुवारी 2019 रोजी पंतप्रधानांनी त्याला बनारसमध्ये हिरवा झेंडा दाखवला. अशी इंजिने पुढे मोजकीच झाली, रेल्वेने नव्या विद्युत इंजिनांचा रस्ता धरला, हे खरे. तो निर्णय मात्र रेल्वेने आपला हिशेब मांडून घेतला. यंत्र उघडायला परवानगी मिळाली नाही म्हणून तो घ्यावा लागला नाही. मोटारमालकाला निवडीचे हे स्वातंत्र्यच उरलेले नाही.

ही अडचण परदेशी महागड्या गाड्यांपुरती राहील असे समजणे धोक्याचे आहे. जनरल मोटर्सने 2017 अखेर भारतात गाड्या विकणे बंद केले, आणि पुण्याजवळच्या तळेगावच्या कारखान्यातून निर्यातीसाठी होणारे उत्पादनही 2020 अखेर थांबले. फोर्डने 2021 मध्ये इथले उत्पादन आवरत असल्याचे जाहीर केले. त्या गाड्या आजही रस्त्यावर आहेत. खासगी मोटारीची नोंदणी कायद्याने 15 वर्षांची असते आणि त्यानंतर पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. म्हणजे गाडीचे आयुष्य कायदा कंपनीच्या मुक्कामापेक्षा मोठे धरतो. मग त्या आयुष्यभर लागणारी सॉफ्टवेअरची किल्ली कंपनीच्या मर्जीवर कशी सोडायची? भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2014 मध्ये नेमका हाच व्यवहार तपासून 14 मोटार कंपन्यांना एकूण 2,544 कोटींहून अधिक दंड ठोठावला. सुटे भाग आणि दोष शोधण्याची उपकरणे स्वतंत्र गॅरेजना न देणे म्हणजे बाजारावरच्या वर्चस्वाचा गैरवापर आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. दंडाचा वाद पुढे न्यायाधिकरणात आणि कोर्टात गेला. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022 मध्ये 'राइट टू रिपेअर'चे पोर्टल सुरू केले, पण कंपन्यांवर बंधन घालणारा कायदा झालेला नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने मोटारींपुरता असा कायदा 2012 मध्येच केला आणि तिथला मोटार उद्योग त्याने बुडाला नाही.

कंपन्यांचे उत्तर चोरीचे असते. कुलूप काढले तर चोरलेले सुटे भाग सर्रास विकले जातील, असे त्या म्हणतात. या म्हणण्यात तथ्य आहे, आणि म्हणूनच प्रत्येक भागाचा क्रमांक तपासण्याची सोय टिकलीच पाहिजे. तपासणी करणे वेगळे आणि ती करण्याचा मक्ता एकाच्या हाती देणे वेगळे. गाडीचे नोंदणीपत्र आणि भागाचे बिल दाखवणाऱ्या कारागिराला तीच तपासणी करू दिली तर चोराचा काहीच फायदा होत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा धाकही घातला जातो. पण ते कलम नोंदणीपत्रातला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल अशा बदलांना मनाई करते, आणि फोनच्या मॉड्यूलने तो तपशील तसूभरही बदलत नाही. उरला स्वस्त ॲडॉप्टरचा सल्ला. लायटरच्या सॉकेटात खुपसलेल्या यंत्राने आवाज येतो, हे मान्य. मात्र स्टिअरिंगवरचे बटण त्याने चालत नाही, आणि फोन घ्यायला हात नि नजर पुन्हा खालीच जातात.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे. गाडी चालवताना फोनवर बोलावेच कशाला? रेडेलमायर आणि टिबशिरानी यांच्या 1997 मधल्या अभ्यासात फोनवर बोलताना अपघाताचा धोका सुमारे चौपट आढळला, आणि हँड्स-फ्रीमुळे तो कमी होत असल्याचे दिसले नाही. आपला कायदा हातात धरलेल्या फोनलाच दंड करतो, म्हणून हात मोकळे म्हणजे सुरक्षित असा समज पसरला आहे. तो चुकीचा आहे. बनारसच्या गोदौलिया चौकातल्या गर्दीत सायकलरिक्षा, गाई आणि यात्रेकरू यांच्यातून वाट काढणाऱ्या चालकाने कुठल्याही मॉड्यूलवरून लांबलचक बोलू नये. पण हा नियम नव्या गाडीलाही तितकाच लागू आहे, आणि नव्या गाडीत ब्लूटूथ दिमाखात विकले जाते. धोका मोठा वाटत असेल तर सरकारने बोलण्यावर सरसकट निर्बंध आणावा, त्याला माझा पाठिंबा राहील. जुन्या गाडीच्या मालकालाच तेवढे अडवण्याचे कारण त्यातून निघत नाही.

मागणी आटोपशीर आहे. एखादे मॉडेल शेवटचे विकले गेल्यापासून किमान 15 वर्षे त्याचे वायरिंगचे आराखडे आणि कोडिंगची सोय ठरावीक शुल्कात खुली राहावी, आणि कंपनी देश सोडून जात असेल तर हे सारे सार्वजनिक संस्थेच्या ताब्यात द्यावे. जुन्या गाड्यांत बसणाऱ्या सीएनजी किटना चाचणी करून मान्यता देण्याचे काम पुण्याची 'एआरएआय' ही संस्था करतेच. बाहेरच्या किटची जबाबदारी घेणारी व्यवस्था आपल्याकडे उभी आहे, तर कंपनीने स्वतः घडवलेल्या मॉड्यूलची नोंद करणे तिला जड जाऊ नये.